ज्वारीच्या धांड्याचं विमान

नाशिक,
रविवार

तीर्थरूप उद्धवराव मामांस,

भाचा राजकुमारचा दोन्ही हात जोडून नमस्कार. बयनामामीलेही माझा नमस्कार सांगा, तिच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवा, अन् म्हशीचंही कळवा. मी खुशाल आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुमी "येऊन राह्यला का गावाले?" एवढंच विचारता, मी नाही म्हणालो की ठेवून देता. पत्र असं मधातच तोडता येत नाही. मागच्या वेळी तुमी म्हणाले, "हॉटेल सोडलं, वेल्डिंग सोडलं, टायरचं दुकान सोडलं. एक काम शेवटाले नेऊन दाखव, मंगच नार्नूरच्या पाव्हण्याले त्याच्या मयूरीसाठी तुझा शब्द टाकतो." ते मी विसरलो नाही. विसरू देता कुठं तुमी?

तर नोकरी तीच, बॅडमिंटनच्या हॉलची. झाडणं, जाळी बांधणं, दिवे लावणं. पण दर रविवारी सकाळी इथं सात म्हातारे येतात, अन् त्यांना पाहून मले आपल्या पारावरचे रिकामटेकडे एकदम कामाचे माणसं वाटायले लागले. हे सारे विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. जन्मभर खरी विमानं केली अन् आता खेळण्यातली करून राह्यले. विमान म्हणजे फूट-सव्वा फुटाचं. वर एक पंख, खाली एक पंख, मधात काड्या अन् दोरे, शंभर वर्षांपूर्वी खरं होतं हुबेहूब तसं. अंगावर पतंगाहून पातळ कागद. इंजिन नाही, पोटात रबर, त्याले हातयंत्रानं आठशे पिळे द्यायचे, सोडलं की पुढचा पंखा फिरते अन् विमान हॉलमध्ये गोल चकरा मारते. सगळं मिळून वजन बारा ग्राम, म्हणजे मामीच्या एका पापडाएवढं. बाहेर उडवत नाहीत, काऊन तं बाहेर वारा असते. ज्याले वारा चालत नाही त्याले विमान म्हणावं का, हे तुमीच सांगा.

उडते तवा दारं बंद, पंखे बंद, शिंकणंही बंद. एकानं खोकल्याच्या गोळीचा कागद सोलला तरी बाकीचे सहा त्याच्याकडं असे पाहतात जसा त्यानं देवळात चप्पल घातली. खाली उतरलं की भांडण सुरू: त्या काळी चाक राखाडी होतं का मातकट? ज्यानं ते चाक डोळ्यानं पाह्यलं तो कधीचा मेला, अन् यांची कोर्टासारखी पेशी काही संपत नाही!

एका रविवारी मले गरमी झाली. मी पंखा लावला. (गरमी झाल्यावर माणूस दुसरं काय करते?) नागसेन साहेबांचं विमान हवेत होतं, चार महिन्यांचं काम. ते भिंतीवर गेलं, वरचा पंख खाली आला, खालचा कुठं गेला ते अजून सापडलं नाही. नागसेन साहेब या साऱ्यांत मोठे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते तुकडे रुमालात वेचत वेचत म्हणाले, "राजकुमार, तू आयुष्यात एखादी वस्तू सुरू करून पूर्ण केली आहेस का रे?" मामा, मले वाटलं तुमीच नाशिकले आले, चष्मा लावून.

मी म्हणालो, महिन्याभरात करून दाखवतो, तुमच्याहून हलकं. सारे हसले. यांचं लाकूड म्हणे परदेशातून येते, सोनाराच्या काट्यावर मोजून घेतात. मी म्हणालो, असल्या मालाच्या आमच्याकडं गंजी लागतात, म्हशी खातात. मामीनं लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून खोक्यात कणसं काढलेले ज्वारीचे वाळके धांडे कोंबले होते ना, तेच मी काढले. लहानपणी आमी याच्याच बैलगाड्या करत होतो: वरच्या सालीच्या काड्या, आतला पांढरा गाभा म्हणजे नुसती हवा. तो गाभा त्यांनी काट्यावर ठेवला. काटा हललाच नाही. एकानं काटा बिघडला का म्हणून ठोकून पाह्यला.

पण चिकटवायले मी मामीसारखी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. सोमवारी चिकटवलं, मंगळवारी उंदरांनी वरचा पंख खाल्ला, बुधवारी खालचा. धांडा, कागद अन् पीठ: मी विमान केलंच नव्हतं, ताट वाढून ठेवलं होतं. म्हातारे इतके हसले की एकाची खोकल्याची गोळी थेट विमानाच्या डब्यात पडली. मी पुन्हा केलं, गोंदानं, अन् डब्यात झाकून; काट्यावर अकरा ग्राम भरलं, त्यांच्याहून एक कमी. विमानात बसवायले माणूसही लागते, तसा यांचा नियम आहे (खऱ्यात होता म्हणून खोट्यातही!). तोही बसवला, त्याचं खाली लिहितो. एवढं झाल्यावर मी त्यांना सांगून टाकलं की हे पोरखेळ तुमाले मुबारक, माझ्यासारख्या कामाच्या माणसाले यात रस नाही.

बाकी ठीक. मामीले सांगा, लोणचं संपलं.

तुमचा भाचा,
राजकुमार

ता. क. गोठ्यावर मागच्या साली ठेवलेले धांडे म्हशीले घालू नका. वाळलेले, सरळ, कीड न लागलेले पन्नासेक निवडा, बसनं तामसीहून आदिलाबादले न्या अन् तिथून पार्सल करा. वाकवू नका. नागसेन साहेबांनी दहा स्वतःसाठी मागितले आहेत.

ता. क. दुसरं. विमानातला माणूस तुमीच आहात. नोकरीच्या जमानतीच्या कागदाले लावून तुमचा एक फोटो उरला होता. फोटोचा कागद जड, म्हणून भिजवून नुसती वरची साल काढली अन् कापून बसवली. आज सकाळी तुमी एक्केचाळीस सेकंद उडले, मामा. तीन चकरा, कुठंच टेकले नाही. मी श्वास सोडायले विसरलो, अन् एक म्हातारा शिंकला तं मी त्याच्यावर ओरडलो. उतरताना नाकावर पडले, मिशी चुरगळली. दुसरा फोटो धांड्यासोबत पाठवा, फेटा नसलेला.

ता. क. शेवटचं. नार्नूरच्या पाव्हण्याले आता शब्द टाका. पोरानं एक काम शेवटाले नेलं म्हणा. कोणतं, असं विचारलं तं विमानाचं म्हणा. वजन सांगू नका.