फुकटच्या लाटा

३ मार्च

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुम्हाला वाटेल, हिला पँट आखूड करून हवी असणार. तसं नाही, सल्ला हवा आहे. आई म्हणाली, मामाला विचार, तोही दुसऱ्याने शिवलेलं उसवूनच पोट भरतो.

एक व्हिडिओ गेम आहे. त्यात आपण एक छोटं बंदर चालवायचं. कंपनीने केलेल्या मूळ गेममध्ये बंदरातली सगळी माणसं एकाच चेहऱ्याची, दिवसभर नुसती उभी. गेली चार वर्षं ऑफिसातून आल्यावर मी त्यांना चेहरे दिले, कामं दिली, आपसातली भांडणंही दिली. अशा जोडकामाला मॉड म्हणतात. माझा मॉड चाळीस हजार लोक फुकट वापरतात. कंपनी दर दोन महिन्यांनी गेममध्ये काहीतरी बदलते, माझं काम मोडतं, आणि मी ते दोन दिवसांत दुरुस्त केलं नाही तर लोक माझी अक्कल काढतात. आता वेबसाइटने मॉडला पैसे लावायची सोय केली आहे. मी विटले आहे, मामा. एक तर पैसे लावीन, नाहीतर कायमचं बंद करीन. बंद करायच्या विचाराने रडू येतं, तेही सांगून टाकते.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही असावं.
तुमची,
ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

डोळे पूस आणि पैसे लाव. पँट कोण्या कंपनीने शिवली, आखूड मी केली, पैसे मी घेतले. कंपनी आजवर हिस्सा मागायला आलेली नाही. आली तर तिचीही मापं घेईन. चाळीस हजार लोकांची फुकट हमाली करायला तू काही कोणाचं घोडं मारलेलं नाहीस.

तुझ्या पत्राने माझेही डोळे उघडले. तीस वर्षं मी सुटलेली बटणं फुकट लावत आलो. आज दुकानात पाटी लावली, की बटणाचे पैसे पडतील. तुझी मामी म्हणाली, पाटी निदान सरळ तरी लावायची. पाटी सरळच आहे, भिंत वाकडी आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझा,
मामा

२ एप्रिल

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

सल्ला मानला. चाळीस हजारांचे तीनशे झाले. माझ्या बंदरातला धोबी समुद्रात गुडघाभर पाण्यात उभा राहून इस्त्री करतो. चूक माझीच, पण पूर्वी लोक त्याचे फोटो पाठवायचे. आता एकाने त्याच्यापायी पैसे परत मागितले.

हे मी निभावून नेलं असतं. पण मॉडमधला लाटांचा आवाज माझा नाही. ‘खारा वारा’ असं टोपणनाव घेतलेल्या एका गृहस्थांनी तो तीन वर्षांपूर्वी आपणहून दिला होता. पैसे लावताना त्यांना विचारावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी लिहिलं, की लाटा सगळ्यांसाठी दिल्या होत्या, विकायला नाही, तेव्हा काढून टाकाव्यात. मी निम्मा हिस्सा देऊ केला. तोही त्यांना नको होता. लाटा काढल्या. आता समुद्र हलतो, पण आवाज येत नाही. मी गेम उघडते आणि बंद करते. फार लाज वाटते आहे. उद्या सगळंच पुसून टाकावं असं मनात येतं.

मामींना नमस्कार. रागावलात तरी लोभ ठेवा.
तुमची,
ठकी

१० एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

काही पुसू नकोस. आधी माझं ऐक.

पाटी लागल्यापासून गिऱ्हाईक बटण ओढून बघतं. एक बाई दोऱ्याचा रंग उन्हात नेऊन तपासून आल्या. त्यात वावगं काही नाही, पैसे दिलेला माणूस बघणारच. पण पलीकडच्या गल्लीतले निवृत्त ग्रंथपाल दर बुधवारी एक तुटलेलं बटण घेऊन यायचे आणि तासभर स्टुलावर बसायचे. बटण ते घरून कातरीने कापून आणतात, हे मला ठाऊक होतं. कापलेला दोरा मला कळणार नाही तर कोणाला कळणार. पाटी लागली आणि ते यायचे थांबले. मी घरी जाऊन सांगितलं, की तुम्हाला पैसे नाहीत. ते म्हणाले, आता माझी सगळी बटणं पक्की आहेत. तुझ्या निम्म्या हिश्शासारखीच गत झाली.

मग गेल्या आठवड्यात मी माझ्याच कोटाचं बटण कापलं, त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, चष्मा हरवलाय, एवढं लावून द्या. त्यांनी पाऊण तास घेतला. काळ्या कोटाला पांढरा दोरा. मी तसाच हिंडतो आहे. बुधवारी ते दुकानात आले होते.

पाटी आहे. खाली फक्त लिहिलं, ओळखीच्यांना पैसे नाहीत. आता सगळेच ओळखीचे निघालेत. तुझ्या त्या लाटावाल्यांना काही देऊ करू नकोस. त्यांच्याकडे काहीतरी माग.

मामीचे आशीर्वाद. मायेत खंड नसावा.
तुझा,
मामा

२६ एप्रिल

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

त्यांची माफी मागितली आणि विचारलं, की लाटा केल्यात कशा, मला शिकवाल का. चार पानी उत्तर आलं. ते समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर राहतात, समुद्र त्यांनी पाहिलेलाच नाही. लाटा न्हाणीघरात बादली हलवून केल्या होत्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

बंदर पुन्हा सगळ्यांना खुलं केलं. तीनशे जणांचे पैसे परत दिले. कोणाला स्वतःपुरतं काही करून हवं असेल, तर मात्र दर सांगते. कालच एकाने बायकोचा चेहरा मागवला. अक्कल काढणारी पत्रं आता रविवारीच उघडते. बंद करणार नाही.

खारा वारा यांनी नव्या लाटा पाठवल्या, आधीपेक्षा मोठ्या. लाटांचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. सोबत एका बादलीचं बिल जोडलं होतं. ते मी लगेच भरलं.

मामींना नमस्कार. लोभ कमी करू नये, ही विनंती.
तुमची,
ठकी