उजवी टाच

प्रिय घाईबाबा,

पाकीट उघडल्यावर आतून जे टणकन खाली पडलं असेल ते आधी उचल आणि बाजूला ठेव. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो. गाण्याचा शेवट पहिल्याच ओळीत वाजवून मोकळा होणारा माणूस तू, म्हणून ही सूचना. फोनच करणार होतो, पण फोनवर तू ‘बरंय, ठेवतो’ म्हणून दुसऱ्या वाक्यालाच मला कापतोस. पत्राला तसं कापता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण त्याला दोन्ही हात लागतात, आणि मला नेमकं त्याबद्दलच बोलायचंय.

परवा आमच्या धाकटीने मोबाइलवर एक पान काढून दाखवलं. ज्येष्ठ रॉक गिटारवादकाचं आयुष्य, कारकीर्द आणि संपत्ती. वर तुझा तो नेहमीचा फोटो, केस उडालेले, तोंड वासलेलं, दाढ ठणकत असल्यासारखं. खाली संपत्तीचा आकडा. तो इतका लांब की नीट वाचायला आमची ही चष्मा आणायला आत गेली. मग बंगले किती, गाड्या किती, काचेच्या कपाटात गिटारी किती, सगळं साग्रसंगीत. गाड्यांचं वाचताना मला हसू आवरेना. तुला गाडी चालवता येत नाही हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलंच नाही. अगदी तळाला जुन्या बँडमधल्या माणसांची नावं होती. त्यात माझं नाव, आणि पुढे लिहिलेलं, दिवंगत. ही म्हणाली, तरीच सकाळपासून हाका मारतेय तर ओ देत नव्हतात. धाकटीने लगेच चूक कळवली, तर त्यांचं उत्तर आलं की पुरावा द्या. मी म्हटलं राहू दे. मेलेल्या ड्रमरला कोणी कार्यक्रमाला बोलावत नाही, तेवढीच कंबर वाचते.

पण त्या पानात लाँड्रीवरची खोली कुठेच नव्हती, याचं मला वाईट वाटलं. तुझी खरी कारकीर्द तिथली. खाली दिवसभर कपडे वाफवायचे, आणि ती वाफ फळ्यांच्या फटींतून वर यायची. तुझ्या त्या तपकिरी गिटारीच्या तारा दर गाण्यानंतर सैल पडायच्या. तू खुंट्या पिळत बसायचास, मी टॉवेलने घाम पुसत बसायचो, आणि खालचा इस्त्रीवाला काठीने छत ठोकून विचारायचा, अजून किती वेळ भांडी पाडणार आहात? त्याच खोलीत तू एकदा गायकाची खोकल्याच्या औषधाची बाटली पळवलीस, करंगळीत अडकवलीस आणि तारांवरून घसरवत गाणं वाजवलंस. बाटलीत औषध शिल्लक होतं. सगळी गिटार चिकट झाली, गायक चिडला, आणि ते गाणं आपल्या तिसऱ्या रेकॉर्डमधलं सगळ्यात गाजलेलं ठरलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी एवढ्या मुलाखतींत तू एकदाही सांगितली नाहीस. सगळ्या बँडांत ड्रमर ताल धरतो आणि बाकीचे त्याच्यामागून जातात. आपल्याकडे उलटं होतं. तू कधी माझ्याकडे बघायचा नाहीस. डोळे मिटून, मान खाली घालून, उजवी टाच आपटत सुटायचास, आणि ती टाच नेहमी तालाच्या एक पाऊल पुढे. समोरची गर्दी वेडी व्हायची आणि इकडे माझ्या तोंडचं पाणी पळायचं. गायकाला श्वास पुरायचा नाही. म्हणून मी सुरुवातीच्या दिवसांतच ठरवलं की लोकांकडे, गायकाकडे, कोणाकडेच बघायचं नाही, फक्त ही टाच बघायची. ती किती पळतेय त्यावरून तिला किती मागे ओढायचं ते कळायचं. तू ओढणार, मी धरणार. लोक म्हणायचे यांच्या गाण्यात काहीतरी ताणलेलं असतं, आता तुटेल असं वाटतं आणि तुटत नाही. पेपरवाल्यांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. त्यांना काय माहीत, ते नुसतं आपलं दोघांचं भांडण होतं.

पुढे गायकाने वेगळी चूल मांडली, माझ्या पाठीने संप पुकारला, आणि तू एकट्याच्या नावावर मैदानं भरायला लागलास. पैसा आला तो असा आला की तुझ्या घरी गेलं की मला चपला कुठे काढाव्यात कळेना. पण तुला श्रीमंत म्हणून मिरवता आलं नाही कधी. त्या काचेच्या कपाटांना कुलपं लावलीस आणि किल्ल्या हरवून बसलास. मी ड्रायव्हिंग स्कूल काढतोय कळल्यावर दुसऱ्याच दिवशी तू तुझी जुनी गाडी माणसाबरोबर माझ्या दारात पाठवलीस. शिकवायच्या गाडीत दुसरा ब्रेक बसवतात, शिकवणाऱ्याच्या पायाशी. तो बसवून झाल्यावर मी पहिल्यांदा त्यावर पाय ठेवला तेव्हा मला मोठ्याने हसू फुटलं. इतकी वर्षं तुझ्या मागे बसून मी दुसरं काय करत होतो? गाडीचे आभार मी त्या वेळी नीट मानलेच नाहीत, कारण तुझी पहिली शिकवणी तिच्यातच झाली आणि तू फाटकाचा खांब पाडलास. आता मानतो. त्या गाडीने माझं घर चालवलं.

मोबाइलवरच्या त्या पानवाल्यांकडून तुझी एक मालमत्ताही सुटली. लाँड्रीवाल्याने ती जागा विकायला काढली तेव्हा तू गुपचूप घेतलीस. खाली लाँड्री तशीच चालू ठेवलीस, वरच्या खोलीला हात लावू दिला नाहीस, आणि किल्ली माझ्याकडे टाकलीस, कारण तुझ्याकडे राहिली नसती. मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडून येतो.

गेल्या वर्षी तुझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं हे मला वहिनींकडून कळलं. मी आलो तेव्हा तू झोपलायस असं सांगण्यात आलं, तीनही वेळा. मी समजून घेतलं. मग मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, भाऊजी, हे सगळ्या गिटारी लिलावात काढतायत, माणूस येऊन किमती लावणार आहे, तपकिरीसुद्धा द्यायची म्हणतायत, आणि मला घरात गिटारीचं नाव काढायची बंदी आहे. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तसाच निघालो आणि या वेळी सरळ आत घुसलो.

तू व्हरांड्यात बसला होतास, मांडीवर शाल, डावा हात शालीखाली. बोललास ते सगळं हवापाण्याचं आणि माझ्या कंबरेचं. मी गिटारीचा विषय काढल्यावर म्हणालास, झालं आता, वाजवून झालं, हात उचलतो पण मूठच वळत नाही तर तार कशी दाबायची, उगाच डोळ्यांसमोर कशाला ठेवायच्या. आयुष्यात पहिल्यांदा तू हळू बोलत होतास आणि ते मला अजिबात आवडलं नाही. जायला उठणार, एवढ्यात बागेत माळ्याने गवत कापायचं यंत्र सुरू केलं. धड धड धड. तू माझ्याशी पायऱ्या जपून उतर वगैरे काहीतरी बोलत होतास, आणि माझी नजर सवयीने खाली गेली. शालीखालून तुझी उजवी टाच जमिनीवर पडत होती. यंत्राच्या तालाने नाही, यंत्राच्या एक पाऊल पुढे. तुला पत्ताच नव्हता. मी बराच वेळ बुटाची नाडी बांधत वाकून राहिलो, ते कंबर धरल्यामुळे नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ज्याचं वाजवून झालंय त्याची टाच पळत नाही, घाईबाबा. निघताना मी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, व्यायाम शिकवायला येतात त्या बाई नेमकं काय म्हणाल्या? वहिनी म्हणाल्या, खांदा छान सुटलाय, कोपर सुटलंय, बोटं सरळ राहतात, पकड मात्र यायला वेळ लागेल, कदाचित पूर्ण येणारही नाही. घरी जाताना गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. खांदा आहे, कोपर आहे, बोट सरळ आहे. आणि अर्ध्या रस्त्यात मला खोकल्याच्या औषधाचा वास आला.

आता ते उचल, बाजूला ठेवलेलं. आमच्या गाड्यांच्या मेकॅनिकने पितळी पाइपचा तुकडा कापून, कडा घासून दिलाय. माप माझ्या करंगळीचं आहे. तुझी बोटं बारीक, म्हणून आत नमद्याची, जाड लोकरीची पट्टी लावलीय. घाल बोटात. तार दाबायची नाही, मूठ वळायची नाही, नुसती नळी टेकवायची आणि हात सरकवायचा, बाटली सरकवली होतीस तशी. या वेळी आत औषध नाही. तपकिरी गिटार तुला कपाटात सापडणार नाही. लिलाववाला यायच्या आधी वहिनींनी कुलूप उघडवून ती माझ्या हवाली केली. मागच्या सीटवर पट्टा बांधून तिला मी लाँड्रीवर नेलं, आणि तुझ्याहून शहाण्यासारखी बसली ती. बाकीच्या सगळ्या वीक, माझी हरकत नाही. हीसुद्धा विकायची असेल तर गुरुवारनंतर सांग, मी स्वतः आणून देईन आणि पुन्हा एक शब्द काढणार नाही. पण गुरुवारी दुपारी ये. वहिनी आणतील. जिन्याला नवा कठडा बसवलाय, ड्रम वर चढवलेत, कंबरेला पट्टा बांधून मी बसलेला असेन. पहिल्या दिवशी सूर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा लागेल, आणि खालून काठीने छत ठोकलं जाईल, कारण आता इस्त्रीवाल्याचा मुलगा तिथे बसतो आणि त्याचेही कान बापासारखेच तिखट आहेत. लागू दे. तुझा हात आता हळू चालेल आणि टाच त्याचं ऐकणार नाही, हे मला दिसतंच आहे. तू तिला आवरू नकोस, पळू दे. तिला धरायला मी मागे आहे.

तुझाच,
अजून हयात असलेला
ठोक्या