चौथ्या बोल्टवरचा ठिपका

ता. ४ जून

तीर्थरूप अप्पांस,
आठनंबरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई मध्ये पडली की माझ्या सर्दीचा न्यूमोनिया होतो, म्हणून पत्रच लिहिते.

मी गाडी घ्यायची म्हणते आहे. जुनी आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्‌स कार; दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढते. रोजच्यासाठी नाही. आठवडाभर मी रुग्णालयात औषधांच्या खिडकीशी बसून एकेक चिठ्ठी तीनतीनदा वाचते आणि खोलीवर आल्यावर मनात चौथ्यांदा. रविवारी सकाळी तलावाकडच्या वळणांच्या रस्त्यावर दोन तास असे हवेत, की डोक्यात फक्त पुढचं वळण असेल. ही चैन वाटते का? मलाही वाटते.

मालकीणबाई भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. गाडी पहिल्यापासून त्यांचीच. विकायचं कारण गुडघे. आत बसता येतं म्हणाल्या, बाहेर यायला मात्र शेजाऱ्यांना हाक मारावी लागते.

तुम्ही शिकवलंत तसं आधी नुसतं पाहिलं. गंज, गळती, टायर, सगळं लिहून सोबत जोडलं आहे. मग चटई टाकून टॉर्च घेऊन खाली गेले. पुढच्या प्रत्येक चाकाला आतल्या बाजूने चार मोठे बोल्ट धरून आहेत. त्यांवर फिके पिवळे ठिपके आहेत, अप्पा. तुम्ही गॅरेजमध्ये आवळलेल्या बोल्टवर देता तसे, डोक्याच्या अगदी कडेला. डाव्या चाकाला चार. उजव्याला तीनच. चौथा कोरा.

तुमच्या हातून ठिपका सुटलेला मी कधी पाहिलेला नाही. म्हणजे गाडी दुसऱ्याच कुणाच्या हातची असेल. न विचारता परक्या गाडीला पाना लावायचा नाही, म्हणून हात लावला नाही. घेऊ का?

तुमचा धाक आहे तितकाच आधारही असू द्या.
तुमची,
आठनंबर


ता. ९ जून

चि. आठनंबर हिला,
अनेक आशीर्वाद.

गाडी चालवू नकोस. फेरी मारायलासुद्धा नाही. आधी हे वाच.

ती गाडी माझ्या हातची आहे. लाल, बेडकाच्या डोळ्यांची, भूगोलाच्या बाईंची. त्या दुपारी मी तिच्या खाली होतो. तीन बोल्ट आवळले, ठिपके दिले. चौथा बोटांनी फिरवून बसवला, पाना उचलला, आणि उस्ताद धावत आले, की तुझ्या आईला दवाखान्यात नेलं आहे. तू आठव्या महिन्यातच निघाली होतीस. मी तेलकट कपड्यांनिशी धावलो. तू अठरा दिवस काचेच्या पेटीत होतीस, आठ नंबरच्या पान्याएवढी. त्या अठरा दिवसांत मला बोल्टची आठवणसुद्धा झाली नाही.

परत आलो तर गाडी गेलेली. उस्ताद म्हणाले, बाई घेऊन गेल्या, त्यांची बदली झाली. एवढं बोलून ते खाली पाहायला लागले. भागीदार होते, मोठ्या भावासारखे होते, तरी पुढे विचारायचा मला धीर झाला नाही. तो बोल्ट मी आवळला होता की नाही, हे मला आजही आठवत नाही. कित्येक वर्षं पेपर उघडला की आधी अपघाताच्या बातम्या बघायचो. आता उस्ताद नाहीत, विचारणार कुणाला?

तू अशक्त म्हणून तुला शाळेत उशिरा घातलं. माझ्या कामाच्या टेबलाशी पाने मोजत अंक शिकलीस. आठ, दहा, बारा, तेरा. नऊ आणि अकरा हे आकडे असतात हे तुला शाळेत कळलं. तिथेच मी तुला सगळं तीनदा तपासायला शिकवलं. लोक म्हणायचे, काय गुणाची पोर! तो गुण नव्हता गं. माझी भीती होती, ती तुझ्या गळ्यात घातली.

बाईंना सगळं सांग. लपवू नकोस. मग सतरा नंबरचा पाना लाव, फक्त आवळायच्या दिशेने. काय निघेल ते मला खरं कळव. आई म्हणते, गोड करून लिहू नकोस म्हणावं, यांना कळतं.

तुझा,
अप्पा


ता. १५ जून

तीर्थरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आधी तेवढंच सांगते: पाना लावला, सगळं वजन टाकलं, बोल्ट तसूभर हलला नाही. आता चष्मा पुसा आणि पुढचं वाचा.

बाईंना तुमचं पत्रच वाचून दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, म्हणजे पेटीतली ती तू होय!

गाडी न्यायला त्या गेल्या, तेव्हा उस्तादकाका चावी देण्याआधी सवयीने खाली वाकले. ठिपके तीनच दिसले, तसे त्यांनी बाईंना थांबवलं आणि पाना लावला. पुढचं वाक्य मी दोनदा खोडलं, पण तुम्ही खरं मागितलं आहे. बोल्ट सैल होता, अप्पा. दीड फेरा फिरला.

बाई म्हणाल्या, आता यावरही ठिपका देऊन टाका. उस्तादकाकांनी ऐकलं नाही. ठिपका त्याचा आहे, गाडी पुन्हा येईल तेव्हा तो देईल म्हणाले. आणि बजावलं, की तो नुकताच बाप झालाय, पोरगी पेटीत आहे, यातला शब्दही त्याच्या कानावर जाता कामा नये. ते खाली पाहत होते ते त्यासाठी. तुम्ही त्यांना विचारलं नाहीत आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. कमाल आहे तुम्हा दोघांची!

बाईंनी पुढे हे बोल्ट कुणाला खोलू दिले नाहीत, रंगवूही दिले नाहीत. दर वर्षी मेकॅनिक बदलला तरी हुकूम तोच: आवळून बघा, पण ती जागा कोरी ठेवा, कुणाची तरी आहे. रागावला नाहीत का, असं मी विचारलं. हसून म्हणाल्या, उलट त्या दिवसापासून गाडीवर जास्तच भरवसा बसला. तिच्यामागे एक सोडून दोन माणसं होती.

अप्पा, तुम्ही गळ्यात घातलेली ती भीती मी परत करणार नाही. तिच्यामुळेच मी बोल्ट मोजले. आणि सैल राहिलेलं कुणीतरी गाजावाजा न करता आवळून ठेवतं, हे आता कळलं. त्यामुळे ती हलकी झाली आहे. काल चिठ्ठ्या तीनदाच वाचल्या. खोलीवर आल्यावर झोपले.

गाडी घेतली. पुढच्या रविवारी घेऊन येते. पिवळा रंग काढून ठेवा, ठिपका तुम्हीच द्यायचा आहे.

माझ्यावरचा लोभ घट्ट आहेच. तो मी आता तपासत नाही.
तुमची,
आठनंबर


ता. १९ जून

चि. आठनंबर हिला,
अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. चौथ्यांदा आईने हातातून काढून घेतलं. दोनच सीटच्या गाडीत मी कुठे बसायचं, एवढंच तिचं विचारणं आहे. तू तिलाच आधी फिरवून आण.

काल उस्तादांच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. मला उस्तादांना जे म्हणायचं होतं ते त्यांच्या फोटोसमोर म्हणून आलो. उशीर झाला, पण म्हटलं.

रंगाची जुनी डबी वाळून दगड झाली होती, नवी आणली. पण ठिपका मी देणार नाही. माझाच नियम आहे, ज्याने आवळला त्याने द्यायचा. आवळला उस्तादांनी, जागा राखली बाईंनी, वजन टाकून पाहिलं तू. तेव्हा या वेळी गाडीखाली तू जायचं.

मी टॉर्च धरतो. लहानपणी तू धरायचीस तसा, न हलवता.

वाट पाहतो. सावकाश ये.
तुझा,
अप्पा