ट्रकवाल्यासाठी प्रार्थना

४ फेब्रुवारी, रविवार

तो आज चर्चमध्ये आला! शेवटच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर धरून. ज्या ट्रकखाली माझा थोरला गेला, तो चालवणारा हाच. तुरुंगातून सुटूनही जमाना झाला. केस पिकलेत त्याचे. माझेही. मी ऑर्गनवर होते — बोटं थांबली नाहीत. गीत पूर्ण वाजवलं.

५ फेब्रुवारी

दूध उतू गेलं, भाजी करपली. डोकं ठिकाणावर नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा आला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला जड जात असेल तर मी त्यांच्याशी बोलतो. दुसरंही चर्च आहे गावात." मी म्हटलं, "राहू द्या."

किती वर्षं प्रार्थना केली याच्यासाठी! सुरुवातीला दातओठ खात. नावही घेत नसे — नुसतं 'तो ट्रकवाला'. प्रभू, मला क्षमा करायला शिकव, पण आज नको. मग कधीतरी ते 'पण आज नको' गळून पडलं. कधी, ते मलाही कळलं नाही.

उपासना संपल्यावर त्याच्यापाशी गेले. धडपडत उभा राहिला. "बाई, मी..." मी हात पुढे केला. केवढा गार हात! घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. जिंकले मी. छे — जिंकवलं मला.

१२ फेब्रुवारी

धाकटीला फोनवर सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. तसंही भाऊ गेल्यापासून ती चर्चची पायरी चढलेली नाही.

१८ फेब्रुवारी

धाकटी फोन उचलत नाही.

२६ फेब्रुवारी

दार उघडलं तर धाकटी. आत येऊन उभ्याउभ्याच म्हणाली, "त्याला माफ केलंस. मला कधी करणार?"

मला काही कळेना. मग सगळं बाहेर पडलं. त्या दिवशी दादा सायकलवरून तिलाच शाळेतून आणायला निघाला होता. चालायचा कंटाळा म्हणून तिने हट्ट धरला होता, तू घ्यायला ये. एवढी वर्षं पोर हे उरावर घेऊन जगली! माझं दुःख बघून गप्प राहिली.

तिचा चेहरा ओंजळीत धरला. "एवढीशी होतीस गं. तुझा काय गुन्हा? माझ्या मनात कधी आलंसुद्धा नाही."

पन्नाशीला टेकलेली बाई, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. प्रभू, त्या ट्रकवाल्याच्या निमित्ताने माझं काळीज मऊ करत होतास — ते हिला जागा व्हावी म्हणून होय!

२७ फेब्रुवारी

सकाळी तिने चहा केला. चर्चला येतेस का, असं मी विचारलं नाही. वाट बघणं आता जमतं मला.

३ मार्च, रविवार

पहिलं गीत संपत होतं, तेवढ्यात धाकटी आत आली. माझ्याकडे नाही आली. शेवटच्या बाकाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला म्हणाली, "काका, जरा सरकता का?"