टोकापाशी प्रवाह किनारा का सोडतो

३ मार्च
आजही तेच. संगणकावर मांडलेला सागरी प्रवाह जमिनीच्या टोकाला वळसा घालून किनाऱ्यालाच चिकटून पुढे जातो. खरा प्रवाह तिथेच किनारा सोडतो आणि सरळ खोल समुद्रात शिरतो — आम्ही सोडलेले तरंगते बोये तेच सांगतात. का सोडतो? वेगामुळे? तळाच्या उतारामुळे? समोरून येणाऱ्या थंड पाण्यामुळे? तीन वर्षं डोकं फोडतेय. सर म्हणाले, आकडेमोडीची जाळी अजून बारीक करून बघ.

४ मार्च
बारीक केली. प्रवाह आणखी घट्ट चिकटला!

६ मार्च
सकाळी बचावपथकाच्या अधिकाऱ्याचा फोन. एक मच्छीमार काल एकटाच होडी घेऊन गेला. टोकाजवळून वायरलेसवर 'इंजिन बंद पडलं' एवढंच बोलला, मग गप्प. वाहत कुठे गेला असेल? शोधायला नौका एकच आहे. सरांनी आमच्या संगणकाचं उत्तर दिलं — किनाऱ्यालगत शोधा. मी शेजारीच उभी. हातात बोयांचा नकाशा.

दुपारी त्याची बायको आली. चहा नको म्हणाली. मी नकाशा उघडून समजवायला लागले, तर मध्येच थांबवलं.

"ताई, संगणकाचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे तीन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

सरांना न सांगता अधिकाऱ्याला फोन केला. किनारा सोडा, टोकापासून सरळ आत जा, म्हटलं. खात्री आहे का, त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. तरी त्याने नौका वळवली.

७ मार्च
काहीच नाही. सरांना माझ्या फोनचं कळलं, चिडलेत. पाणी किनारा का सोडतं हे मलाच कळलेलं नाही, आणि त्याच्यावर एका माणसाचा जीव पणाला लावून बसले. त्या बाई सकाळपासून कचेरीच्या पायऱ्यांवर आहेत. खाली जायचं धाडस होत नाही.

८ मार्च
सापडला. जिवंत. मी सांगितलं तिथेच, टोकापासून सरळ आत! बाईंनी माझे हात धरले ते सोडेचनात. सर म्हणाले, आता याच पुराव्यावर लेख लिहायला घे.

पण का सोडतो, ते अजूनही कळलेलं नाही.

९ मार्च
अधिकारी आला आणि दार लावून बोलला. इंजिन बंद पडलंच नव्हतं. होडी वाहत गेली नाही, तो स्वतः चालवत गेला. मला परत नेऊ नका, म्हणत होता.

बाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही.