पाणी लागलं तरी थांबायचं नाही

भाईंदर पश्चिम,
मार्च २००८

ती. धर्माजीमामांस,

विठूचा शिरसाष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? नवी म्हैस अजून लाथा झाडते का? इकडे आम्ही खुशाल आहोत. (म्हणजे टँकर आला की खुशाल असतो, आणि तो कालपासून आलेला नाही.)

मामा, तुमचा भाचा ऑस्ट्रेलियाला निघालाय! आमची कंपनी तिकडे जमिनीखालच्या कोळशाच्या थरांतून गॅस काढणार आहे. जन्मभर बोअर मारत आलो, म्हणून मलाही मशीनवर घेतलं. आधी सरावाला झारखंडात नेलं. तिथे काय झालं ते मामीला सांगू नका. भोक खोल गेलं आणि पाणी उसळलं. आता पाणी लागल्यावर आपण काय करतो? मशीन बंद केली, पाण्याला हळदकुंकू वाहिलं, धारेखाली डोकं धरलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. (बोअरवाल्याच्या पिशवीत पेढे असतातच.) साहेब तोंडात पेढा धरूनच ओरडले, "अरे विठू, पंप चालू कर! ये पानी फेंकने का है!"

भानगड अशी की तिथे गॅस कोळशाला बिलगून झोपलेला असतो आणि पाणी त्याला दाबून धरतं. महिनोन्महिने पाणी उपसायचं, मग ओझं उतरलं की तो हळूहळू बुडबुडत वर येतो. हे ऐकल्यापासून मी दिवसासुद्धा ऑस्ट्रेलियातच असतो. मेथी निवडता निवडता डोळे मिटतात. लांबच लांब माळ दिसतो, मेंढ्या दिसतात, आणि ते फुकट चाललेलं पाणी मी समुद्राखालून पाइप टाकून इथे जवळच्या काशीगावला आणतो, हायवे ओलांडून आमच्या सोसायटीच्या टाकीत सोडतो. सेक्रेटरी जयकुमारभाई म्हणतात, "विठूभाई, वॉल्व धीरे खोलो." तुमची भाचेसून आनंदी घरातल्या सगळ्या बादल्या मांडून उभी असते. ते पाणी खारट असतं असं साहेब सांगतात, पण स्वप्नात गोड लागतं. जाग येते तेव्हा मेथीत निम्मी देठं असतात.

आनंदीचा उत्साह तर विचारू नका. स्वेटर आणला, लोणचं घातलं, पार पलीकडच्या बेव्हर्ली पार्क कॉलनीपर्यंत सांगून आली. व्हिसा तेवढा अडकलाय.

आपला भाचा,
विठू

ता. क. मामा, खरं सांगतो, मला जायचं नाही. दोन वर्षं आनंदीशिवाय माझ्याच्याने राहवणार नाही. ती एवढी खूश आहे, तिला कसं सांगू? ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घाला, व्हिसा येऊच देऊ नको म्हणावं. तिला मात्र कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला आनंदीकडे दिलं आणि तिने पत्र वाचलं. आधी हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मामांना परत कशाला त्रास देताय? शिमग्याआधीच मी त्यांना फोन करून हेच गाऱ्हाणं घालायला लावलंय. तुमचीच हौस बघून गप्प होते." उद्या कंपनीत जाऊन नाही म्हणून सांगतो. पण मामा, शिमग्याआधीपासून तुम्हाला ठाऊक होतं, आणि गेल्या रविवारी फोनवर मलाच विचारत होता, "काय रे विठ्या, आला का व्हिसा?"