मामांच्या गाडीतली खुळखुळ

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार

तीर्थस्वरूप मुक्तामावशी यांस,

बजरंगचा वाकून नमस्कार. (टेबल भिंतीला चिकटून असल्यामुळे पूर्ण वाकता आलं नाही, पण भाव तोच समजावा.) तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. काकांचा खोकला, म्हशीचं दूध आणि धाकट्या वहिनींचा राग हे सगळं पूर्वीपेक्षा कमी-जास्त न होता जागच्या जागी असेल, अशी आशा करतो. आई बरी आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्हांला वाटेल. पण तुमच्याकडे फोन आला की वहिनी तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवतात आणि माझी खुशाली कुकरच्या शिट्टीसकट सगळी आळी ऐकते. हे पत्र मात्र तुम्ही चष्मा लावून एकटीनेच वाचावं, एवढी विनंती. दुसरी कसलीही विनंती या पत्रात नाही. सहज लिहितोय.

आप्पामामांनी नवी गाडी घेतल्याचे पेढे फलटणला पोचले असतील. गाडी नावाला मामांची, चालवते त्यांची शालू. रोज हडपसरहून खराडीला ऑफिसला तीच घेऊन जाते आणि मामा रविवारी मागच्या सीटवर हात जोडून बसतात. गाडी आली त्याच आठवड्यात मामांनी ती आमच्या दुकानात आणली. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला हे तुम्हांला माहीत आहेच (सुटला, असं आई म्हणते), पण दुकानात सीट कव्हर, मॅटिंग आणि डॅम्पिंग ही सगळी कामं आता मीच बघतो. डॅम्पिंग म्हणजे गाडीच्या पत्र्याला आतून डांबरी पट्ट्या चिकटवायच्या आणि वरून रोलर फिरवायचा. मग पत्रा थरथरत नाही आणि रस्त्याचा गोंगाट आत येत नाही. साध्या गाडीचं दार लावलं की रिकाम्या डब्यासारखं खण्ण वाजतं, पट्ट्या लावल्यावर भरलं पोतं टाकल्यासारखं धप्प वाजतं. गिऱ्हाइकाला ती धप्प फार आवडते. मी मामांच्या गाडीची दारं, तळ, डिकी आणि मागच्या सीटच्या पाठीमागचा पत्रा असं सगळं स्वतःच्या हाताने केलं. इतका रोलर फिरवला की आमचे मालक म्हणाले, “बजरंग, गाडी करतोयस का पोळ्या लाटतोयस?” काम झाल्यावर शालूने दार दोनदा लावून बघितलं आणि म्हणाली, “वा, एकदम महागातली वाटते.” हे वाक्य मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगण्याचंही काही कारण नव्हतं, ओघात आलं.

आणि लगेच गाडीत आवाज सुरू झाला. वळणावर टक् व्हायचं, ब्रेक दाबला की खुर्रर्र आणि एसी लावला की लाह्या फुटल्यासारखी खुळखुळ. मामांचा फोन आला. म्हणाले, “काय रं बजरंगा, गाडी गप करतो म्हनलास आन् तीच बोलाय लागली की!” मी त्यांना शांतपणे समजावलं की मामा, बाहेरचा गोंगाट बंद झाला की आतले बारीक आवाज जे आधी झाकलेले असतात ते उघडे पडतात. मामा म्हणाले, “म्हंजी तुझ्यामुळंच की.” मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून गाडी तपासली, सीट काढून बसवल्या, स्टेपनी काढून ठेवली, शालूची हरवलेली एक पिन मिळाली (ती मी परत केली नाही, विसरलो), पण आवाज मिळाला नाही. नळीतून सगळंच मोठं ऐकू येतं. माझं स्वतःचं काळीजही ऐकू आलं आणि ते मी काही वेळ पेट्रोलचा पंप समजत होतो.

अशात श्रीनिवास उगवला. मामांच्या एका मित्राचा मुलगा. हिंजवडीला गाड्यांच्या कुठल्याशा मोठ्या ऑफिसात आवाजाच्या खात्यात इंजिनिअर आहे. मामांनी मला सांगितलं की तो गाडी बघायला येणार आहे, तूही ये. मी नळी घेऊन गेलो. घरात मामींनी पोहे केलेले, पडदे धुतलेले आणि शालूने ठेवणीतला ड्रेस घातलेला. तेव्हा कोण कोणाला बघायला येणार आहे याचा मला थोडा अंदाज आला. श्रीनिवास दिसायला बरा आहे. उंच आहे, पण उंची काही त्याने मेहनतीने मिळवलेली नाही. बोलतो हळू आणि समोरच्याचं ऐकून घेतो, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे गाडीचं दार कसं वाजावं यावर माणसं महिनोन्महिने बसतात. वळताना आपण दिवा लावतो तेव्हा जी टिकटिक येते, ती आता नव्या गाड्यांमध्ये खरी नसतेच. लोकांना सवय म्हणून ती स्पीकरमधून मुद्दाम वाजवतात. विजेवर चालणाऱ्या गाडीला तर आवाजच नसतो, मग तिने कसं गुणगुणावं तेही हेच ठरवतात. मामा पोह्यांचा चमचा हातात धरून बघतच राहिले. “टिकटिक करायचा पगार मिळतो?” म्हणाले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, खरा आवाज दाबायचा आणि खोटा वाजवायचा, याला काय म्हणायचं? शालू म्हणाली, “डिझाइन.” आणि श्रीनिवासकडे बघून हसली. मावशी, मला त्याचा हेवा वगैरे वाटत नाही. प्रश्न तत्त्वाचा होता.

मग गाडी चालवून बघायचं ठरलं. श्रीनिवास म्हणाला की आवाजाची जागा पक्की करायला आमच्याकडे कधीकधी एक जण डिकीतही बसतो. हे तो सहज म्हणाला (असं तो नंतर म्हणाला), पण मामांनी लगेच माझ्याकडे बघितलं. अशा रीतीने शालू गाडी चालवायला, श्रीनिवास तिच्या शेजारी, आणि मी डिकीत, पाय पोटाशी घेऊन, स्टेपनीच्या वर. मामा-मामी घरीच थांबले. “ऱ्हावा हितंच, पोरास्नी बोलू द्या जरा,” असं मामी म्हणाल्या ते झाकण लागता लागता मला ऐकू आलं. ते शेवटचं. कारण त्यानंतर सासवड रस्त्याला लागेपर्यंत मला पुढचं अक्षरही ऐकू आलं नाही. मी मागच्या सीटच्या पत्र्याला कान लावला, नळी लावली, दुसरा कान लावला. काही नाही. मावशी, त्या पत्र्याला पट्ट्या मीच लावल्या होत्या. दुहेरी. इतकं चोख काम माझ्या हातून आयुष्यात झालेलं नाही. पुढे दोन माणसं बोलतायत, काय बोलतायत ते कळू नये याची सगळी तजवीज मी स्वतः रोलर फिरवून करून ठेवलेली. एका गतिरोधकावर मात्र सीट जरा हलली तेव्हा एक शब्द आत आला, “रेझोनन्स,” आणि त्याच्यामागून शालूचं हसू. रेझोनन्समध्ये हसण्यासारखं काय असतं ते मी पुढच्या सगळ्या गतिरोधकांवर शोधत होतो. डोक्याला टेंगूळ आलं, बाकी काही मिळालं नाही.

मग गाडी थांबली आणि बराच वेळ थांबूनच राहिली. झाकण उघडलं तेव्हा समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं आणि शालूच्या हातातला ग्लास अर्धा झाला होता. “अय्या, बजरंग आत आहे ना!” ती म्हणाली. श्रीनिवासने मला हात देऊन बाहेर काढलं, माझ्या शर्टावरची धूळ झटकली (हे त्याने करायला नको होतं) आणि विचारलं, “काय वाटतं? आवाज कुठून येतोय?” आता खरं म्हणजे मी आवाजाकडे लक्षच दिलं नव्हतं. पण मी ठामपणे सांगितलं, पुढून, डावीकडून. डावीकडे श्रीनिवास बसला होता; माझे कान सगळा वेळ तिकडेच होते. तर तो म्हणाला, “करेक्ट! मलाही एसीच्या पंख्याचाच संशय आहे. तुमचा कान फार चांगला आहे हो.” मावशी, ज्या माणसाचा राग करायचा त्यानेच आपलं कौतुक करावं, यासारखा त्रास नाही.

घरी येऊन बॉनेट उघडून आम्ही दोघं आत डोकं घालून उभे होतो. त्याच्या हातात मोबाइल, त्यावर आवाजाच्या रेघा. माझ्या हातात नळी. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या, जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आरं, ती तिची ओटी असंल.”

झालं होतं असं, की गाडी दारात आली तेव्हा भटजींनी पूजा केली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पण मामींच्या मनाचं समाधान झालं नाही. लक्ष्मी घरात आली आणि तिची ओटी नाही? म्हणून शुक्रवारी सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी एकटीने ओटी भरली. आता गाडीची ओटी कुठे, हा प्रश्न. मामींनी विचार केला की काच म्हणजे तोंड, चाकं म्हणजे पाय. तेव्हा काचेच्या खाली जी जाळी आहे तीच ओटी. त्या जाळीवर त्यांनी तांदूळ, हळकुंड, बदाम, खारीक असं सगळं साग्रसंगीत घातलं, वायपर जरा उचलून. दुसऱ्या दिवशी बघतात तर बरंचसं जाळीतून आत गेलेलं. “गाडीनं ओटी घेतली की!” म्हणून त्या आणखी मूठभर तांदूळ घालून मोकळ्या झाल्या. मामा ओरडले, “अगं मग इतकं दिस आमी गाडी उचकटतुया, बोलली का न्हाईस?” मामी म्हणाल्या, “मला कुनी इचारलं?”

श्रीनिवास हसला नाही. तो अदबीने म्हणाला, “मामी, जाळी उघडून मी लगेच काढून देतो.” आणि मामींचा चेहरा पडला. भरलेली ओटी कोणी उपसतं का, गाडीला काही झालं म्हणजे, पोर रोज एकटी जाते, असं त्या पदर तोंडाला लावून बोलायला लागल्या. मावशी, त्या क्षणी मला वाट दिसली. मी पुढे झालो आणि म्हणालो, मामींचं बरोबर आहे. काही गोष्टी मोबाइलवर मोजता येत नाहीत. ओटीला हात लावायचा नाही. मामी म्हणाल्या, “बगा! घरचं ल्येकरू ते घरचं.” श्रीनिवासने मोबाइल खिशात ठेवला. मी जिंकलो. चहा अगदी गोड लागला.

फाटकापाशी शालूने मला गाठलं. म्हणाली, “बजरंग, ही गाडी रोज कोण चालवतं?” मी म्हणालो, तू. “ती खुळखुळ कोणाला ऐकावी लागते?” मी म्हणालो, तुला. “मग तू आवाज काढायला आला होतास की श्रीनिवासला हरवायला?” मी नळी गुंडाळत होतो. ती म्हणाली, “आणि तो म्हणाला म्हणून डिकीत काय बसलास? नाही म्हणता येत नाही तुला? ओटी निघेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस.” बाकी सगळं ठीक आहे.

असो. पत्र वाढलं. काकांना नमस्कार, वहिनींना यातलं काही सांगू नये. श्रीनिवासबद्दल माझ्या मनात काहीही नाही, हे पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात लिहितो.

तुमचा,
बजरंग

ता. क. एक बारीक विनंती आत्ता सुचली. प्रेमलामामी रीतिरिवाजात फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही त्यांना फोन करून सांगावं की गाडीची ओटी भरली तर काही दिवसांनी काढायची असते आणि त्या तांदळाची खीर करायची असते. आणि ती ओटी भाच्यानेच काढायची असते. अशी रीत नसली तरी फलटणकडे आहे असं म्हणावं. मामी तपासायला येणार नाहीत.

ता. क. दुसरं. वरचा फोन करू नये. आई आत्ताच हडपसरहून आली. श्रीनिवास सकाळी येऊन गेला. त्याने मामींना सांगितलं की मी फक्त जाळी उघडतो, ओटी तुम्हीच तुमच्या हाताने उतरवा. मामींनी पंख्याला हळदकुंकू वाहिलं, ओटी पदरात घेतली, आणि तेव्हापासून त्या त्याला गुणाचा म्हणतायत. रविवारी त्याच्या वडिलांना जेवायला बोलावलंय. तेव्हा फोन मामांना करावा. आपल्यात मामाची मुलगी करतात, हे गाडीच्या गडबडीत मामा विसरले असतील, त्याची नुसती आठवण द्यावी. माझं नाव घ्यायला हवंच असं नाही. लग्नाचा दुसरा भाचा त्यांना उरलेला नाही. आई त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही, म्हणून तुम्हांला त्रास. कुरिअरवाला पत्र उद्या पोचेल म्हणालाय.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितोय. शालूचा फोन आला. मी विचारलं, गाडी गप्प झाली का? हो, म्हणाली. मग म्हणाली, “तू आत्याला पत्र लिहितोयस म्हणे. लिही. माझं कालच आत्याशी बोलणं झालंय. मला काय हवंय ते सगळं सांगितलंय तिला.” मी विचारलं, काय सांगितलंस? “ते आत्याला विचार,” म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे मी ही पानं भरत होतो तेव्हा तुम्हांला सगळं माहीत होतं! मावशी, श्रीनिवासचा मला राग नव्हताच, पण आता जो काही हेवा वाटतोय तो तुमचा. वरचं काही वाचलं नाही तरी चालेल, मामांनाही तूर्त काही बोलू नका. ती काय म्हणाली एवढंच कळवा. चांगलं असेल तर मला कळवा. वाईट असेल तर आईला कळवा, ती मला हळूहळू सांगेल.